पापणी

तीनशे अंडी आली होडीतून,
बदकांच्या पायांचा चिखल अजून अंगावर.
धुवायची नसतात.
हे मला माहीत नव्हतं. वीस धुऊन, पुसून
मी ओळीने मांडली होती.
सासूने ती न बोलता डुकरांपुढे फोडली.

हाऊ नदीच्या या काठाला
विजेची पेटी नाही असं नाही.
दिराने कान थोहून आणली होती एक.
तिच्यात आता साबण आहेत, मेणबत्त्या,
आणि आमच्या लग्नाचे फोटो.

आमची मदार फोलांवर.
भाताची फोलं कढईत तापवायची,
हाताला सोसेल पण आवडणार नाही इतकी.
कणगीत एक थर फोलांचा, एक अंड्यांचा,
वर जुनी गोधडी.
दिवसातून तीनदा खालचं वर, वरचं खाली,
मधलं कडेला.
रात्री दोनची पाळी माझी.

किती गरम, हे बा न्यान पापणीला विचारते.
अंडं उचलते, मिटल्या डोळ्यावर टेकवते
आणि म्हणते, 'अजून एक कढई.'
किंवा काहीच म्हणत नाही.
डोळ्यांत दोन्हीकडे मोतीबिंदू.
पापणी मात्र शाबूत.

म्हणून दिव्याचं काम माझ्याकडे.
सातव्या दिवशी, पुठ्ठ्याच्या भोकाला लावलेलं अंडं,
तांबूस उजेड,
कोळ्याने पाय पसरावेत तशा शिरा
आणि मधोमध एक ठिपका, उडणारा.
'हलतंय?'
'हलतंय.'
अठरा नुसतीच पिवळी निघाली, स्वच्छ.
ती स्वस्तात गेली बाजारात.

सोळाव्या दिवसानंतर फोलं लागत नाहीत.
कुणी आधी सांगितलं असतं तर पटलं नसतं.
अंडी आपणच तापतात.
आत जे कोण आहे, त्याची ऊब बाहेर येते,
आणि त्यांच्यावर आपण पुढच्या होडीतली नवी अंडी रचतो,
थोरल्यांच्या अंगावर धाकटी.
चूल विझते. घरात धुराऐवजी
चिखलाचा वास येतो, बरा वाटतो.

अठराव्या दिवशी लाप आला, मोटारीच्या होडीने.
त्याला दीडशे हवी होती, अर्धी भरलेली.
शहरात लोक ती संध्याकाळी उकडून खातात,
मीठ, मिरी, लिंबू, वर तिखट पाला.
मी विचारलं, कुठली द्यायची?
'डाव्या हाताला येतील ती.
आज दिवा लावू नकोस.
निवडलं की निवडलेलं लक्षात राहतं.'
लापने पाच-पाचने मोजली.
वाटेत गार पडू नयेत म्हणून
त्यानेही फोलं आणली होती, गरम.

दोन तडकलेली त्याने परत दिली.
ती आम्ही रात्री खाल्ली.
आधी रस प्यायचा, ती म्हणाली,
आणि माझ्या वाटीत आलं किसून घातलं.

सत्ताविसाव्या रात्री बोलणं सुरू झालं.
अंड्याच्या रुंद टोकाला थोडी हवा कोंडलेली असते,
पहिला श्वास तिथला, पहिला आवाजही.
एकाने हाक दिली की शेजारचं ओ देतं.
मग कवचावर चांदणीएवढी चीर.
एकाची चीर तिथेच थांबली.
मी तास काढला, दोन काढले,
मग हळूच नख लावलं.

माझं मनगट धरलं तिने अंधारात.
'रक्त अजून कवचाला आहे.
आत ओढून घेऊ दे त्याला.'
तुम्हाला दिसलं कसं?
'नख वाजलं.'

सकाळी एकशे बारांतली नव्वद बाहेर,
ओली, चिडकी, मान न सावरणारी.
दुपारपर्यंत आणखी सहा.
नखाचं ते संध्याकाळी आलं, सगळ्यांत शेवटी,
आणि लगेच इतरांच्या अंगावर पडून झोपलं.
उरलेल्यांबद्दल तिने विचारलं नाही.
कवचं मी मिरचीच्या रोपांखाली टाकली.

कणगीतल्या नव्या अंड्यांपैकी एक
तिने आज माझ्या पापणीवर ठेवलं.
'सांग.'
गरम होतं. की माझाच डोळा गरम होता?
'कोमट,' म्हणाले.
तिने अंडं काढून घेतलं,
दुसरं ठेवलं.
'परत.'